काकांचा नंबर

कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढवण्यासाठी आमच्या ऑफिसात एक मुलगी नेमली गेली, तेव्हा आमचा उत्साह कमी झाला आहे हे आम्हाला पहिल्यांदा कळलं.

मी मुलगी म्हणते, पण ती तिशीची होती. पन्नाशीनंतर मला या वयाची सगळीच माणसं मुलंमुली वाटायला लागली आहेत. ठाण्याची, हुशार, भराभर चालणारी. तिच्या पदाचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की ते दाराच्या पाटीवर दोन ओळींत बसवावं लागलं. आम्ही तिला एचआरची मॅडम म्हणायचो.

आमची कंपनी परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तयार करते. आधी आम्ही फोर्टात होतो, जिथे पंखे आमच्यापेक्षा वयाने मोठे होते. मग मालकांनी ती जागा विकली आणि लोअर परळला एका बंद गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आम्हाला आणलं. गिरणीची चिमणी तेवढी शिल्लक ठेवलेली आहे. संध्याकाळी तिच्यावर निळे दिवे सोडतात.

मॅडम आल्या आणि लिफ्टमध्ये गरुडाचं चित्र लागलं. त्याखाली उंच भरारीबद्दल काहीतरी लिहिलं होतं. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. मीटिंगची एक खोली रिकामी करून तिला 'एनर्जी रूम' असं नाव दिलं गेलं आणि तिथे मोठमोठ्या उशांसारख्या पिशव्या आल्या. माझ्या वयाच्या माणसाला त्यांत बसता येत असे, उठवायला दोघं लागत. एकदा एक वक्ते आले. आपण सिंह आहोत अशी डोळे मिटून कल्पना करा, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. आमच्या कॅशियरनी डोळे मिटले आणि त्यांना झोप लागली. टाळ्या झाल्या तेव्हा ते दचकून उठले आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

मी हे सगळं माझ्या टेबलावरून पाहत असे. परदेशी पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. लग्न केलेलं नाही, गिरगावात राहते, वाचायला बरंच असतं. समारंभ म्हटला की मी शेवटची खुर्ची धरते.

गणपती झाल्यावर मॅडमनी एकेकाला बोलावून प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रश्न सगळ्यांना एकच होता, सकाळी उठून ऑफिसला यावंसं तुम्हाला का वाटतं? मी म्हटलं, घरी पंखा आहे, इथे एसी आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"ताई, एक विचारू? रेकॉर्डचे काका म्हणाले, 'माझा नंबर आलाय ना यंदा, म्हणून येतो.' नंबर म्हणजे काय? प्रमोशन वगैरे?"

मला हसू आलं. काकांना कंपनीत लागल्यापासून प्रमोशन मिळालेलं नव्हतं.

"पूजेचा नंबर," मी म्हटलं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं, ते इथेही सांगायला हवं.

आमच्याकडे दर वर्षी माघातल्या पौर्णिमेला ऑफिसची सत्यनारायणाची पूजा असते. मुंबईत अशी पूजा खूप ठिकाणी होते. बहुतेक ठिकाणी पूजेला मालक बसतो. आमच्याकडे जुन्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, पूजेला स्टाफपैकी एक जोडपं बसेल असं ठरवलं. नोकरीला लागल्याच्या क्रमाने एकेकाचा नंबर. त्या दिवशी मालकांची गाडी त्या माणसाच्या घरी जाते आणि नवराबायकोला घेऊन येते. मालक स्वतः खाली गेटवर नारळ घेऊन उभे असतात. पूजा चालू असेपर्यंत ते दोघं पाटावर बसलेले आणि मालक उभे. संध्याकाळी सगळ्यांच्या घरची माणसं दर्शनाला येतात, शिरा खातात आणि पाटावर बसलेल्या बाईची साडी बघून जातात.

यात गुणांचा काही संबंध नाही. आळशी माणसाचाही नंबर येतो, फक्त त्याने टिकून राहायला हवं. माझा देवावर फारसा विश्वास नाही, पण आमच्या कंपनीत निव्वळ वाट पाहण्याला मान मिळतो अशी ही एकच जागा होती. जोडपं लागतं, म्हणून एकट्यांचा नंबर लागत नाही. त्यामुळे मी याबद्दल निःपक्षपातीपणे बोलू शकते.

"मग काका कधीपासून थांबलेत?" मॅडमनी विचारलं.

"काका नाही थांबलेले," मी म्हटलं, "काकी थांबल्यात."

काका लालबागच्या चाळीत राहतात, मूळ मालवणकडचे. शांत माणूस. रेकॉर्डच्या खोलीत जुन्या फायली सांभाळतात आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांचे वडील याच आवारातल्या गिरणीत होते. हे कळल्यावर मॅडमना फार भरून आलं होतं.

"काका, तुमची स्टोरी किती पॉवरफुल आहे!"

"स्टोरी कसली?" काका म्हणाले. "बाबा कामाला जायचे."

पूजेत खरा जीव होता तो काकींचा. लग्न होऊन आल्यापासून त्या दर माघात चाळीतल्या दोघीतिघींना घेऊन दर्शनाला यायच्या. पुढच्या रांगेत बसायच्या आणि पाटावरच्या बाईचं सगळं निरखायच्या. उपरण्याची गाठ सैल बांधलीय, ही बाई सारखी मोबाइलकडे बघते, हिने अंबाड्यावर गजरा किती छान माळलाय. कोणानंतर कोण बसणार हे त्यांना पाठ होतं. कोणी नोकरी सोडली की काकींचा नंबर एकाने पुढे सरकायचा. एकदा रांगेत त्यांच्या पुढचा एक माणूस वारला. काकी हळहळल्या, घरी जाऊन भेटून आल्या, आणि मग कॅशियरना हळूच विचारलं, "म्हणजे आता आमच्या पुढे कोण उरलां?" कॅशियर हा किस्सा रंगवून सांगत. पूजेचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता.

मधे लॉकडाऊन आला, मग जागा बदलली, त्यात पूजेची वर्षं बुडाली. काकी जरा रागावल्या. पण नंबर जाग्यावर राहिला. आणि आता, येत्या माघात, तो त्यांचा होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वॉव."

नवरात्रात काका दोनतीन दिवस आले नाहीत. आले ते सरळ माझ्याकडे. एरवी ते माझ्या टेबलापर्यंत कधी येत नसत, फाइल हवी असेल तर मलाच जावं लागे.

"ताई, जरा खाली येता?"

आम्ही चिमणीपाशी जाऊन उभे राहिलो. काकींच्या पोटात बरेच दिवस दुखत होतं. दादरला एका डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकींना बाहेर बसवलं आणि काकांना आत बोलावून सांगितलं. फार पुढे गेलं होतं. कापाकापी करून उपयोग नव्हता.

"किती..." मी विचारलं.

"दिवाळी काढतील म्हणाले. पुढचं काय बोलले नाहीत."

"काकींना माहीत आहे?"

"छे! तिला सांगितलंय, जुनी कावीळ पोटात राहिलीय. पथ्य पाळलंस की माघापर्यंत ठणठणीत." ते चिमणीकडे बघत होते. "परळला कॅन्सरच्या इस्पितळात नेली असती तर तिला इमारत बघूनच कळलं असतं. आमच्याकडच्या माणसाला सांगायला लागत नाय. म्हणून दादरला नेली."

त्यांनी माझ्याकडून कशाची अपेक्षा केली नव्हती. घरी मुलगी नाही, बहीण नाही, मुलगा दुबईला. कोणालातरी सांगायचं होतं, ते मला सांगितलं.

"पथ्य पाळते ताई ती," ते जाता जाता म्हणाले. "मासे सोडले. मालवणी माणसाने मासे सोडणं म्हणजे बघा. पाटावर तीन तास बसायचंय म्हणून रोज सकाळी खाली मांडी घालून बसून बघते. मी म्हणतो, बस. बस."

ही गोष्ट मी मॅडमना सांगितली. का सांगितली? त्यांनी विचारलं म्हणून. काकांचं लक्ष नाही, काही प्रॉब्लेम आहे का, असं त्यांनी विचारलं आणि विचारताना त्यांच्या हातात कागद-पेन नव्हतं. मी सांगितलं. त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी डोळे पुसले आणि त्यांच्यातली कामाची बाई जागी झाली.

"म्हणजे माघापर्यंत त्या... मग आपण पूजा आधी का नाही घेत?"

गरुड, टाळ्या, सिंह, या सगळ्यानंतर पहिल्यांदाच त्या बाईने काहीतरी नेमकं सुचवलं होतं. मी तेव्हा मनापासून म्हटलं, "हो. का नाही?"

कॅशियरना विचारलं. ते उडालेच. "कार्तिकी पौर्णिमा आहे की! दिवाळीनंतर लगेच. गुरुजींना मी आजच फोन करतो." मालक एरवी उदार होते असं नाही, पण अशा बाबतीत चांगले होते. त्यांनी दोन मिनिटांत होकार दिला. ऑफिसात बातमी हळूहळू पसरली, म्हणजे काका सोडून सगळ्यांना कळली. काकांना सांगायचं ते सरप्राइज म्हणून, असा मॅडमचा आग्रह होता. लोकांनी तो आनंदाने मानला. मी इतक्या वर्षांत आमचं ऑफिस एवढं उत्साही पाहिलं नव्हतं. ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं ते केळीचे खांब कुठून आणायचे यावर बोलत होते. मॅडमना जे हवं होतं ते सगळं त्या आठवड्यात झालं, एका मरणाऱ्या बाईच्या जिवावर. तेव्हा हे असं माझ्या मनात आलं नाही. तेव्हा मीही नारळ किती लागतील ते बघत होते.

दिवाळीच्या सुट्टीआधी काकांना एनर्जी रूममध्ये बोलावलं. फुगे होते. मॅडमनी सांगितलं, "काका, सरप्राइज! तुमची पूजा आपण कार्तिकात करतोय!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका दाराशीच उभे होते. त्यांनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरं," ते म्हणाले.

"काका, खूश ना?"

"हो, हो. खूश."

कोणीतरी केक पुढे केला. त्यांनी तुकडा घेतला आणि तो हातात धरूनच ते रेकॉर्ड रूमकडे गेले. भारावले असतील, असं सगळे म्हणाले. थोड्या वेळाने मी तिकडे गेले. ते दोन कपाटांच्या मधे स्टुलावर बसले होते. केक तसाच हातात.

"ताई, पूजा माघातच राहू दे."

"का हो, काका?"

"तिला कळेल."

मला समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हे मला सांगावं लागतंय याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

"आपली पूजा आधी घेतलीय कधी? एकदाच घेतली होती. आठवत नाय तुम्हाला? आपला डिस्पॅचवाला. श्रावणात घेतली होती."

आणि मग मला आठवलं. फोर्टातली गोष्ट. आमच्या डिस्पॅचमधला एक माणूस फार आजारी होता. जुने मालक म्हणाले, माघापर्यंत कशाला थांबायचं. श्रावणात पूजा झाली. गणपतीच्या आत तो गेला. त्याची बायको पाटावर केवढी हसत होती हे मला त्या क्षणी दिसलं. पूजा पुढे ढकलली जाते, बुडते, पण आधी घेतली जाते ती एकाच कारणासाठी. ऑफिसात हे आम्ही विसरलो होतो. काकी त्या पूजेला पुढच्या रांगेत होत्या. त्या विसरलेल्या नसणार.

"मी तिला काय सांगू?" काका म्हणाले. "तिचा जीव माघात अडकलाय. माघ आहे म्हणून ती जेवते."

मी मॅडमकडे धावले नाही, आधी कॅशियरना शोधलं. ते जागेवर नव्हते. कोणीतरी म्हणालं, ते मघाशीच निघाले. पूजेला बसणाऱ्यांना अक्षत द्यायला कॅशियर स्वतः घरी जातात, नारळ आणि हळदकुंकू घेऊन. ते कधी फोनवर बोलावणं करत नाहीत. मी फोन लावला.

"बोला, ताई!" मागे भांड्यांचा आवाज येत होता. "लालबागला आलोय, काकींकडे. चहा घेतोय. काकी एकदम खूश! बोलता त्यांच्याशी?"

मी नको म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कॅशियरनी मला सगळं सांगितलं. तोवर मी त्यांना डिस्पॅचवाल्याची आठवण करून दिली होती, त्यामुळे ते फार पडलेल्या आवाजात बोलत होते.

"तिने अक्षत घेतली, कुंकू लावलं, सगळं नीट. मग म्हणाली, 'माघात नाय काय असता?' मी म्हटलं, नवीन मॅडम आल्यात, त्यांचा उत्साह. ती हसली. म्हणाली, 'बरा झाला. थंडीत पाटावर बसूक त्रासच होता.' मग विचारलं, 'आणि माघात कोण बसतला?' मी म्हटलं, यंदा माघात नाही. तर म्हणाली, 'असां.' एवढंच. चहात साखर कमी झाली का विचारलं."

"चेहरा कसा होता?"

"ताई, मी चहा पीत होतो हो," कॅशियर म्हणाले आणि त्यांनी आपल्या कपाळावर हात मारून घेतला.

आता रद्द करणं म्हणजे सांगितल्यासारखंच झालं असतं. मॅडमना मी सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "पण सरळ सांगत का नाहीत एकमेकांना?" माझ्या घरातही कधी कोणी कोणाला सरळ सांगितलं नव्हतं. आणि काकांना घरी गेल्यावर वाटलं की काकींच्या काही लक्षात आलेलं नाही. "साडी काढून ठेवलीय तिने," ते म्हणाले. "मॅडमचा उत्साह म्हणून हसत होती. कळलं नाय तिला." त्यांना ते इतकं हवं होतं की आम्हीही तसंच मानायचं ठरवलं.

पौर्णिमेला मालकांची गाडी लालबागला गेली. मालक नारळ घेऊन गेटवर उभे राहिले. काकी गाडीतून उतरल्या तेव्हा मला त्यांना ओळखायला क्षणभर वेळ लागला. हिरवी साडी होती, काठ जरीचे. साडीने त्यांना चालवत आणल्यासारखं वाटत होतं. बांगड्या नव्या भरल्या होत्या, कासाराने लहान मुलीच्या मापाच्या शोधून दिल्या असाव्यात. मालकांनी नारळ दिला, तो त्यांच्या हातात जड झाला. काकांनी खालून हात लावला.

वर आल्यावर साडीच्या निऱ्या सुटल्या होत्या म्हणून मी त्यांना बायकांच्या प्रसाधनगृहात नेलं. तिथे मोठा आरसा आहे आणि आरशावरही मॅडमनी लावलेला एक कागद आहे, 'आज तू छान दिसतेस' अशा अर्थाचा. काकींना इंग्रजी येत नव्हतं. मी निऱ्या धरून खाली वाकले होते. वरून त्यांचा आवाज आला.

"ताई, तो तुमचो डिस्पॅचवालो आठवता?"

मी निऱ्या खोचत राहिले. "हो."

"तेची पूजा श्रावणात घेतलेली. मी तेव्हा ह्यांका म्हटलंय, ह्या बायकोक कोणी सांगूक नाय वाटता. कशी हसता बघा." त्यांनी आरशात बघून कपाळावरचं कुंकू नीट केलं. "माका हसाक येयत काय आज, माहीत नाय."

मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

"ह्यांका सांगू नकात," त्या म्हणाल्या. "तेंका वाटता माका काय कळूक नाय. तसांच ऱ्हवांदे. एवढे धावतत माझ्यासाठी."

"नाही सांगणार, काकी."

"आणि पदर जरा वर घ्या. ती मागच्या खेपेची कशी पदर लोळवीत बसलेली, माका बघवला नाय."

त्या तीन तास बसल्या. पाठीशी भिंत यावी म्हणून कॅशियरनी चौरंग सरकवून घेतला होता, तरी त्या भिंतीला टेकल्या नाहीत. हळद, कुंकू, तुळस, गुरुजी सांगतील ते सगळं त्यांनी नीट केलं. काका मधेच चुकले तर त्यांच्या कोपराला हात लावून खुणावलं. इतकी वर्षं बघून त्यांना कुठे काय ते येत होतं. आणि त्या हसल्या. प्रसाद पहिला त्यांना दिला तेव्हा, मालक वाकून नमस्कार करायला लागले तेव्हा, चाळीतल्या बायका पुढच्या रांगेत दाटीवाटीने बसून त्यांच्याकडे बघत होत्या तेव्हा. मी बऱ्याच समारंभांत माणसांना हसताना पाहिलं आहे. इतकं कष्टाचं हसू दुसरं पाहिलेलं नाही. काका दर थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि बघून निश्चिंत होत होते.

मॅडम माझ्या शेजारी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. फोटो काढायला माणूस बोलावला होता. त्याला त्यांनी मधेच खूण करून थांबवलं.

त्यानंतर काका ऑफिसात जरा बऱ्या चेहऱ्याने यायला लागले. एकदा जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम माझ्याकडे आले.

"ताई, गुण आला बघा पूजेचा. तिला भूक लागते. काल स्वतःहून बांगडा मागितला. तिखलं करायला लावलं शेजारणीला. मी म्हटलं, पथ्य? तर म्हणाली, 'पुरे झाला पथ्य.'"

"खाल्लं?"

"थोडंसं. पण मागितलं ना!"

मी हो म्हटलं. मांडी घालून बसायचा सकाळचा सराव त्यांनी सोडला होता, हेही त्यांनीच सांगितलं. आता काय गरज, पूजा झाली ना, असं काकी म्हणाल्या होत्या. काकांना ते बरोबर वाटलं होतं. गोळ्याही कधी घेत, कधी उशीखाली राहत. काका हे सगळं काकींना बरं वाटत असल्याची लक्षणं म्हणून मला सांगत होते आणि मी ऐकत होते. ज्या माघासाठी त्या बाईने मासे सोडले होते तो माघ आम्ही सगळ्यांनी मिळून, टाळ्या वाजवून, तिच्या पुढ्यातून उचलला होता. त्या जागी ठेवायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मार्गशीर्षात काकी गेल्या. सकाळी, घरी. काका दूध आणायला खाली गेले होते.

आम्ही सगळे गेलो. चाळीच्या गॅलरीत चपलांना जागा नव्हती. मॅडम पांढरा ड्रेस घालून आल्या होत्या आणि कुठे उभं राहायचं ते त्यांना कळत नव्हतं. परतताना लालबागच्या नाक्यावर त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर दिवाळी म्हणाले होते ना? मग दिवाळीच्या पुढे तर त्या गेल्याच होत्या, ताई. माघही गाठला असता. म्हणजे आपल्यामुळे..."

"डॉक्टरांचं नेमकं नसतं," मी म्हटलं. खरंही असेल. माघापर्यंत त्या राहिल्या असत्या का, हे आता कोणाला विचारायचं?

वर्षाच्या अखेरीला मॅडमना मालकांपुढे आपल्या कामाचा अहवाल मांडायचा होता. पडद्यावर चित्रं होती, वर जाणारे बाण होते. उत्साह वाढला होता, मोजून दाखवला होता. पूजेचा त्यात उल्लेख नव्हता. मालकांनी विचारलं, ती पूजेची कल्पना तर फार चांगली होती, ती का नाही घातली? मॅडम म्हणाल्या, "ती माझी नव्हती, सर." मग पुढचं चित्र लावलं. पुढे काही महिन्यांनी त्या दुसऱ्या कंपनीत गेल्या. जाताना मला भेटून गेल्या, आणि काकांना भेटायला रेकॉर्ड रूमपर्यंत जाऊन तशाच परतल्या.

काका तेराव्यानंतर कामावर आले. मुलगा दुबईला चला म्हणत होता, ते नको म्हणाले. येत, फायली लावत, जात. एक दिवस मी जुनी फाइल मागायला त्यांच्याकडे गेले. त्यांनी ती काढून दिली, धूळ झटकून. मी निघाले तेव्हा म्हणाले, "ताई, एक विचारू?"

"विचारा ना."

"तुम्ही त्या दिवशी तिची साडी नेसवायला आत गेला होतात. काय बोलली काय ती?"

"साडीचंच. पदर वर घ्या म्हणाल्या."

"आणखी?"

"मागच्या वेळी जी बसली होती तिची साडी लोळत होती, ते सांगत होत्या."

काका हसले. खरंच हसले. "ती तशीच. बारीक लक्ष." मग फायलींच्या रांगेवरून उगाच हात फिरवत राहिले. "मला मधे शंका आली होती. मासे मागायला लागली तेव्हा. म्हटलं, हिला कळलं तर नसेल?"

"नाही, काका."

"नक्की?"

"कळलं असतं तर एवढ्या हसल्या असत्या का?"

त्यांनी यावर विचार केला. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला नाही, हातातल्या फाइलचं वेष्टन उलगडत राहिले.

"तेच ना," ते म्हणाले. "शेवटपर्यंत कळू दिलं नाय तिला. आयुष्यात बाकी काय केलं ते केलं, ताई, पण एवढं एक काम मी नीट केलं."

"हो, काका," मी म्हटलं. "नीट केलंत."